शागिर्दाचं आभाळ

गारखेड्यातला पुंडलिक पेंटर म्हणजे एकेकाळी सिनेमाच्या बॅनरांचा बादशहा. चाळीस फुटी कापडावर हिरॉईनचा डोळा काढायला तो शिडीवर चढला, की खाली रिक्षावाले थांबायचे. त्याच्या हाताखाली संघपाल बारा वर्षं होता. धंद्याचा रिवाज ठरलेला: चेहरा उस्तादानं रंगवायचा, आभाळ शागिर्दानं. त्या बारा वर्षांत पुंडलिकनं संघपालला हिरोचा कानसुद्धा रंगवू दिला नाही. पुढं फ्लेक्स आले, बॅनर गेले, दोघंही दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवू लागले. तरी उस्ताद तो उस्तादच.

तीन वर्षांपूर्वी मुंबईहून सिनेमाची माणसं हातानं रंगवणारे पेंटर शोधत आली. प्रेमाचा, गाण्यांचा मोठा पिक्चर होता आणि दिग्दर्शकाचा हट्ट असा, की त्यात खरं आभाळ नकोच, सगळं कापडावर रंगवलेलं हवं. पुंडलिकला तो अपमान वाटला.

“आभाळ? ते शागिर्दाचं काम हाय. न्या ह्याला,” असं म्हणून त्यानं संघपालकडे बोट केलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

आता पिक्चर लागला होता आणि पुंडलिकच्या पोटात दुखत होतं. एका पेपरात आलं, ‘असं आभाळ सिनेमात कधी पाहिलं नाही.’ तो पेपर त्यानं ब्रश पुसायला घेतला. दुसऱ्यात आलं, ‘नुसते रंगीत पडदे, गोष्टीचा पत्ता नाही.’ तो मात्र त्यानं बायकोला, सत्यभामाला, दोनदा वाचून दाखवला.

“त्याचं वाईट झाल्यानं तुमचं काय भलं होनार हाय?” ती म्हणाली.

“मी कुठं काय म्हनलं? पेपरवाला म्हनतोय.”

“पेपरवाल्यानं एकदाच लिहिलंय. दोनदा तुम्ही वाचलं.”

संघपालचा रोज फोन यायचा. “उस्ताद, लोक काय बी म्हनू द्या. तुम्ही बघा अन् सांगा. तुम्ही नापास म्हनलं तर मी नापास.” हे ऐकून खरं तर ऊर भरून यायला हवा. पुंडलिकच्या मनात आलं, एवढा एक शब्दच आता आपल्या हातात उरलाय. तो काही फुकट द्यायचा नाही.

रविवारी संध्याकाळच्या खेळाला तो एकटाच गेला, चुका वेचायला. मध्यंतरात वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेली चार जणं “लई झोप आली राव” म्हणत उठून गेली. पुंडलिकला गुदगुल्या झाल्या. मागच्या रांगेतली बाई मात्र नवऱ्याला सांगत होती, की मी उद्या परत येणार. तिचा त्याला संताप आला.

मध्यंतरानंतर पहाटेचं एक गाणं आलं. खाली हळदीचा पिवळा, वर जाता जाता निळा, आणि मधले ढग ब्रशनं नव्हे, ओल्या चिंधीनं पुसून काढलेले. संघपाल शिडीखाली असं करायचा तेव्हा पुंडलिक त्याला हसायचा. आता तो खुर्चीत पुढं सरकला. हे आपल्याला जमलं नसतं, असं त्याला स्वच्छ कळलं आणि आतून जळफळाट झाला.

बाहेर पडतो न पडतो तोच फोन वाजला.

“बघितला का उस्ताद?”

“बघितला. भडक झालंय. खालची कड कच्ची हाय,” पुंडलिक म्हणाला. “अन् एक ध्यानात ठेव, पिक्चर चालतो चेहऱ्यावर. आभाळ कोन बघतं?”

“व्हय उस्ताद,” संघपालचा आवाज पडला. मग त्यानं भाबडेपणानं विचारलं, “मंग हिरॉईन कशी वाटली? नवी पोरगी हाय. तुम्ही कसा काढला असता तिचा चेहरा?”

पुंडलिकनं तोंड उघडलं. नाक धारदार होतं की बसकं? डोळे काळे की घारे? जन्मभर चेहरेच रंगवलेल्या माणसाला, तीन तास बघून आल्यावर, काही म्हणता काही आठवेना. डोळ्यांसमोर नुसतं आभाळ येत होतं.

“आवाज येत नाय तुझा,” म्हणून त्यानं फोन कापला. मग इकडंतिकडं बघितलं आणि हिरॉईनचा चेहरा पाहायला दारातल्या फ्लेक्सपाशी परत गेला.