दुसऱ्यांदा पाहिलेला दुसरा भाग

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला. त्यावरचा एक भुताचा गेम बायकोने धूळ पुसता पुसता चालू केला आणि मग सोडलाच नाही. एक बंद पडलेलं हॉटेल, आणि त्याच्या लिफ्टमधून येणारी एक बाई. दुपारी दुकान बंद करून मी जेवायला आलो की आम्ही दोघं बसायचो. बटणं ती दाबायची. लिफ्टच्या लाल दिव्यावर नजर ठेवायचं काम माझं. दिवा लागला की मी ओरडायचो, ती पळायची. त्या गेमचे सगळे भाग आम्ही असेच पार केले. त्यावर सिनेमा निघाला, तोही गोंदियाला जाऊन सोबतच पाहिला. दुसरा भाग येणार म्हटल्यावर तिने बजावलं होतं, "माह्याशिवाय पाहू नोका, सांगून ठेवतो."

मी पाहिला. दुकानासाठी पंपाचे सुटे भाग आणायला नागपूरला गेलो होतो. माल बांधून व्हायला वेळ होता आणि समोर थिएटर होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. परतताना गाडीत स्वतःचीच लाज वाटत होती. सांगून टाकू म्हणून घरात शिरलो, तर ती म्हणाली, "रविवारची तिकिटं काहाडली मी." मी हात धुवायला मोरीवर गेलो आणि तिथेच उगाच रेंगाळलो. तिने दुपारी मला शेजारी बसवणंच बंद केलं तर, एवढीच भीती होती.

या भागात ती बाई लिफ्टमधून येतच नाही. धुवायला टाकलेल्या चादरींच्या ढिगातून येते. रविवारी सगळा हॉल लिफ्टकडे पाहत होता, मी चादरींकडे, आणि बायको माझ्याकडे. धोका कुठून येणार हे ती माझ्या नजरेवरूनच ओळखत आली आहे.

"लिफ्टकडे काऊन नाही पाहून राहिले जी तुमी?"

"पाहतो ना."

तेवढ्यात चादरी हलल्या. हॉल किंचाळला. ती नाही किंचाळली.

"तुमी पाहून आले हा पिच्चर!"

"अगं, नागपूरले थोडा वेळ होता..."

"आन् मी तिकिटं काहाडली तवा तोंडात भात होता का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "भाभीजी, घर जाके पीटना इनको. अभी देखने दो."

मध्यंतरात मी समोसे आणले. दोन्ही तिनेच खाल्ले.

"शेवट पाहिला?"

"हो."

"मंग बाहेर बसा. तुमचं तोंड पाहून मले सारं समजते."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. शिक्षा रास्त होती. आतून किंचाळ्या येत होत्या, आणि त्यातली तिची मला ओळखू येत होती, कारण किंचाळून झाल्यावर ती हसते. तिचं ते हसणं ऐकत बसायला बरं वाटत होतं, हेही कबूल करतो.

सिनेमा सुटल्यावर गोंदिया मागे टाकून मोटरसायकलवरून आमच्या गावाच्या, गोरेगावच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना धानाची शेतं सुरू झाली तसं तिने मला शेवट सांगायला घेतला, जणू मी पाहिलाच नव्हता. ती बाई पाण्याच्या टाकीत बसून वर पाहत राहते म्हणाली. तसं काही सिनेमात नाही. तिचा शेवट जास्त भीतीदायक होता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग का? उद्या दुकान लवकर बंद करा. पोरानं नवा गेम पाठवला. सकाळी एकटीच बसली होती मी. भेव वाटते."