मान टाकली

काका बोलायला लागले की ते झाडाबद्दल बोलताहेत की माणसाबद्दल, हे आधी ओळखावं लागे. "नुसताच वर चाललाय, बुंधा धरत नाही," म्हणजे त्यांचा मुलगा. "कीड लागलीय," म्हणजे साहेब. माझ्या वडिलांचा हा धाकटा भाऊ जन्मभर एकाच बागेत माळी होता, आणि घरीही माळीच असे.

त्या बागेचे दोन भाग. पुढे घसरगुंडी, झोपाळे, चालायला फरशीची वाट. मागे तारेच्या कुंपणाआड तळं आणि त्याच्याभोवतीचं रान, जसं आहे तसं राखलेलं. तिथलं गवत कापायचं नाही, वाळकी फांदीही उचलायची नाही. काकांना हे कधीच पटलं नाही. "बघणारे मलाच आळशी म्हणणार," म्हणून ते धुसफुसत.

मग पुढच्या भागात मुलांच्या स्केटिंगसाठी जागा करायचं ठरलं. आड येणारी लहान झाडं मुळांसकट काढून रानाच्या कडेला लावली, आणि ती जगवायचं काम काकांच्या गळ्यात पडलं.

त्याच सुमारास काकूनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. काकूचं मागणं एकच होतं, "जाताना तुम्ही जवळ असा." काका म्हणत, "मी कुठं पळून चाललोय?" आणि सकाळ झाली की बागेत पळत. ते भ्याले होते, दुसरं काही नाही. झाडाचं काय करायचं ते त्यांना कळत होतं, काकूचं कळत नव्हतं.

जागा बदललेलं झाड दुपारच्या उन्हात मान टाकतं आणि संध्याकाळी पाणी मिळालं की उचलतं. काकूही दुपारी ग्लानीत जाई, संध्याकाळी दोन घोट चहा घेई. "दुपारी मान टाकते, संध्याकाळी उचलते," असं काका येईल त्याला सांगत. आम्ही हसायचो. सांगून सांगून ते त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं.

फोन झारीत पडेल म्हणून काका तो घरीच ठेवत. त्या दुपारी फाटकावरचा पहारेकरी धावत आला.

"काका, सूनबाईंचा फोन होता. काकूंनी मान टाकली म्हणतायत."

"टाकणारच. ऊन बघ की किती."

"अहो, निघताय ना?"

"एवढी झाडांची आळी पाण्यानं भरतो. संध्याकाळी उचलेल ती."

पहारेकरी फाटकाकडं परतला. परत फोन करून काय सांगायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं 'निरोप दिला' एवढंच सांगितलं. मला अजून त्या दुपारचा संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

काका दिवस कलताना घरी आले. दारात चपलांचा ढीग होता. काकू नुकतीच गेली होती.

"'शेवटचं आहे' असं तोंडातून निघेना हो," सून रडत म्हणाली. "म्हणून तसं बोलले."

काकांनी तिला एका शब्दानं दुखवलं नाही. खाटेपाशी खाली बसले. हाताला चिखल होता, म्हणून काकूला हात लावू की नको असं त्यांचं चाललं होतं. त्यांनी विचारलं, "काही बोलली?"

"मध्ये एकदा डोळे उघडले. 'निघाले का?' म्हणाल्या. मी 'हो' म्हटलं."

"मग?"

"मग म्हणाल्या, मला दाराकडं वळव."