दुसऱ्यांदा दिलेला रंग

वाशीमजवळच्या मालेगावात आमचं कापडाचं दुकान. नववीत असताना दुकानाच्या पायरीवरून मी ती गाडी पहिल्यांदा पाहिली. दोन दारं, दोनच सीटा, कापडी छत मागे दुमडलेलं, आणि इतकी ठेंगणी की शेजारी उभ्या असलेल्या एसटीच्या चाकाशी तिची बरोबरी होत होती. कुणी परगावचा माणूस पाणी प्यायला थांबला होता. तो निघून गेला, पण मला त्या दिवशी गिऱ्हाइकाला कापड नीट मोजून देता आलं नाही आणि वडील चिडले.

त्या मॉडेलच्या गाड्या फार निघाल्या नाहीत, पुढं बंदच झाल्या. मला एक सापडली ती अडतिसाव्या वर्षी, नागपूरला एका बंगल्याच्या मागच्या अंगणात. मालक वारले होते. टायर मातीत रुतलेले, बॉनेटला भेग, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. टेम्पोत घालून आणली आणि थेट वाशीम रोडवरच्या शेडवर उतरवली. ती शेड माझ्या वर्गमित्राची. तो डेंटिंग-पेंटिंगचं काम करायचा, आणि आमच्या भागात त्याच्या हाताची सर कुणाला नव्हती.

गाडी पाहून तो म्हणाला, “अबे, हे गाडी आहे का कोंबड्याइचा खुराडा?” मग चाकावरच्या गोलाईवरून हात फिरवत राहिला. बराच वेळ. “पत्रा नाई हा. फायबर हाये.”

“जमते का तुले?”

“जमते. पण घासा लागन लय.”

माझ्या मनात गाडी तयार होतीच. रुंद टायर, पुढं गोल दिवे, तपकिरी चामड्याच्या सीटा. रुंद टायर बसवायचे तर चाकांवरची बॉडी कापून बाहेर काढावी लागणार होती. फायबरची चटई अंथरायची, त्यावर रेझिन ओतायचं, वाळलं की घासायचं, पुन्हा दुसरा थर. दर सुट्टीला मी शेडवर जायचो. त्याच्या पापण्यांवर पांढरी भुकटी साचलेली असायची. हातांना खाज सुटलेली, तोंडाला गमछा. बाहेर सोयाबीनच्या ट्रकांची धूळ, म्हणून रंग मारताना तो शेड चारी बाजूंनी बंद करून घ्यायचा. वासानं मला पाच मिनिटं उभं राहवत नसे. मी बाहेर चहा पीत बसायचो.

रंगासाठी मी दुकानातून एका शालूची पट्टी नेऊन दिली होती. गर्द निळा, कडेनं पाहिलं तर किंचित जांभळी झाक. त्यानं रंग मिसळून तसा केला. गाडी उन्हात काढली, आणि माझ्या डोळ्यांना त्यात हिरवट छटा दिसली. कापडवाल्याचे डोळे असेच, खोट शोधणारे. आयुष्यभर ताग्याचं टोक दारात नेऊन गिऱ्हाइकाला खरा रंग दाखवलेला.

“हिरवा मारते,” मी म्हणालो.

“कोणाले दिसते बे? तुलेच दिसते.”

“मले दिसते ना.”

तो खोकला. रुमालात तोंड धरून, वाकून. मग म्हणाला, “दोन महिने झाले, छाती भरल्यावानी वाटून राह्यली.”

“डॉक्टरले दाखव.”

“दाखवतो. हे गाडी होऊ दे.”

राहू दे, असाच असू दे, इतकंच मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “घाई नाई. पण रंग उतरवाच लागन.”

त्यानं सगळा रंग घासून उतरवला. पावसाळा त्यात गेला. दुसऱ्यांदा दिलेला रंग मात्र अचूक आला. गाडी शेडसमोर उभी होती आणि मी त्याला म्हणालो, पहिला तू बस. त्यानं एक पाय आत टाकला, वाकला, आणि तिथंच दम संपला. दार धरून सरळ झाला. “लय खाली हाये बे. बसलो तर उठल्या जानार नाई.” असं म्हणून हसला. मी एकटाच वाशीमच्या दिशेनं चक्कर मारून आलो. परतलो तेव्हा तो रंगाच्या डब्यावर बसला होता, खांदे वर चढलेले, तोंडानं श्वास घेत. तो आजारी आहे हे मला तेव्हा कळलं, असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी फुप्फुसं कडक झाल्याचं सांगितलं. गेलेलं परत येत नाही. मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. “एका गाडीच्या कामानं असं होतं का?”

“वीस वर्षांचं काम आहे ते,” डॉक्टर म्हणाले. “शेवटच्या कामानं किती वाढलं, सांगता येत नाही. मास्क नव्हते वापरत?”

करोनात शिवलेल्या मास्कचा गठ्ठा आमच्या माळ्यावर पडून होता. तेही सांगितलं. कापडी मास्कनं तसाही फारसा उपयोग झाला नसता, ते म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची पुढं फार लाज वाटली.

शेड बंद झाली. तो अनसिंगला, आपल्या घरी गेला. मी गाडी घेऊन भेटायला जायचो. तिसऱ्या खेपेला त्याची बायको अंगणातच आडवी आली. “भाऊजी, आता मोटरसायकलीनं येत जा.”

“काहून वहिनी?”

“गाडीचा आवाज आला का ते उठतात. दारापर्यंत चालत येऊन पाहतात. मंग दिवसभर दम बसत नाई त्यायचा.”

पुढच्या वेळी मोटरसायकल पाहून त्यानं विचारलं, गाडी कुठं? सर्व्हिसिंगला दिली म्हणालो. ऑक्सिजनच्या मशीनची नळी त्याच्या नाकात होती. मी धीर करून म्हणालो, “रंग दुसऱ्यांदा कराले नाई लावाले पाहिजे होतं मी.”

त्यानं दोन-तीन श्वास जमवले.

“हिरवाच होता बे तो.”

तो थंडीत गेला. अंत्यविधीला मी एसटीनं गेलो. वहिनी मला काही म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दिवाळीला मी त्यांच्या मुलींसाठी कापड पाठवतो, त्या ठेवून घेतात.

गाडी विकावी असं एकदोनदा मनात आलं. विकली नाही. खोटं कशाला बोलू, मला ती चालवायला आवडते. रस्ता मोकळा असला की मी छत मागे टाकतो आणि काही वेळ दुसरं काहीच आठवत नाही. पेट्रोल पंपावर लोक हमखास भोवती येतात. रंगावर बोट फिरवतात, कुणाच्या हातचा आहे विचारतात, त्याचा नंबर मागतात. आता तो काम करत नाही, एवढं सांगून मी टाकीचं झाकण लावतो.