चुकलं, मागे जा

महिना होत आला. भरदुपारी अत्तार सरांच्या बायकोचा, रेहानाभाभींचा हॉस्पिटलमधून फोन आला, "सर गेले गं." मी "बरं" म्हणाले आणि हातातलं काम पुरं करत बसले. स्वभावच कोडगा माझा... रडू आलं ते दोन दिवसांनी, बिबवेवाडीच्या ऑफिसात.

त्याच ऑफिसात अत्तार सर आणि मी नऊ वर्षं संगणकाच्या मेनूंचं मराठी करत होतो. सरांची परीक्षा कडक. शब्द कागदावर लिहून खालच्या टेलरकाकांना दाखवायचा, त्यांनी "म्हणजे काय?" विचारलं की शब्द बाद. 'अनडू'साठी मी ऐटीत 'पूर्ववत करा' लिहिलं, तर म्हणाले, "आधी तहसील कचेरीत होतात का आपण?" आणि स्वतः लिहिलं, 'चुकलं, मागे जा'. नवखा माणूस बटण दाबायलाच घाबरतो, मागे फिरता येतं हे त्याला आधी दिसलं पाहिजे, असं ते म्हणत.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. मी मोठ्या हौसेने टॅबवर मेनू करून दिला: पाणी हवं, दुखतंय, कूस बदला, पंखा लावा. सगळ्यांनी कौतुक केलं. एकदा पाण्याऐवजी बोट 'दुखतंय'वर पडलं. भाभींनी गोळी आणली. सर तोंड घट्ट मिटून घेत होते, तरी आम्ही समजूत काढून ती घ्यायला लावली. त्यांचं बोट पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी शोधत राहिलं... तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागे जायचं बटण मी ठेवलंच नव्हतं. इतके महिने त्या माणसाला नको म्हणायची सोय नव्हती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ते बटण घातलं. मग काय, सर मनसोक्त नकार देऊ लागले. खिमट नको, पाहुणे नकोत, माझं पेपर वाचून दाखवणंही नको. भाभी म्हणायच्या, "अहो, कधीतरी हो पण म्हणा."

शेवटी धाप लागायला लागली. अँब्युलन्स आली, स्ट्रेचर वर आणलं. सरांनी 'चुकलं, मागे जा' दाबलं. पुन्हा दाबलं. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. बोट चुकून पडलेलं नाही, हे दोघींनाही नीट कळलं होतं. "दोनच दिवस सर, लगेच घरी आणू," असं म्हणत मी त्यांच्या बोटाखालून टॅब काढून घेतला. तो अजून माझ्याकडेच आहे. भाभींनी मागितलेला नाही.