बाजूला केलेली फांदी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलते — सरळ बोलता येईल का, माहीत नाही.

मी नेटकी बाई आहे. कुठं जायचं तर आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवते. त्या दिवशीची पिशवीही तशीच — पाणी, टोपी, दशम्या, कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी. आणि कपड्यांचे चिमटे. अभयारण्यात चिमटे कशाला, असं विचाराल. तेच तर सांगायचं आहे.

नवऱ्याने सकाळीच मला फाटकापाशी सोडलं आणि तो पुढे बीडला कामाला गेला. मी मोरांसाठी आले होते. मोर लांबून ओरडत राहिले, समोर एकही आला नाही. पण एका बोरीच्या झुडपात बुलबुलाचं घरटं दिसलं, आत पिसं न फुटलेली तीन पिलं. मी दूर बसले. हललेसुद्धा नाही. धीर माझ्यात आहे हो, तो कधी कमी पडला नाही. पण फोटोत दर वेळी एक फांदी आडवी यायची — नेमकी पिलांच्या डोक्यावरची.

मी ती वाकवली आणि शेजारच्या फांदीला चिमट्यांनी अडकवली. मोडली नाही, कापली नाही — नंतर कितीदा हेच घोकलं मी!

चैत्राचं ऊन चढलं. मादी आली. घरट्याच्या काठावर उभी राहून तिने दोन्ही पंख पिलांवर पसरले. चोच उघडी, अंग धापेनं हलत होतं. मी फोटो काढत राहिले. ती असं का करते आहे, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पहिल्याच फोटोला कळलं होतं. उठून चिमटे काढायला कितीसा वेळ लागला असता? पण उजेड फार चांगला होता.

दुपारी कधीतरी ती उडून गेली, पाण्याला असेल. मी जवळ गेले. पिलं माना टाकून पडली होती. मी चिमटे काढले. फांदी जागेवर आली, घरट्यावर पुन्हा सावली पडली. चिमटे पिशवीत ठेवले — एकही विसरले नाही.

मुलीला लेक झाली तेव्हा नवऱ्याने तो फोटो हौसेने मढवून घेतला. नको म्हणायला कारण काय सांगणार होते? उमापूरला, तिच्या सासरी, पाळण्याच्या वरच तो लावलाय. विहीणबाई आल्यागेल्याला दाखवतात, “पाखराला बी किती माया असती बगा! आन् आमच्या विहीणबाई एका फोटूपायी दिवसभर उन्हात बसल्या व्हत्या. आमाला तर गव्हातलं खडं निवडायला बी दम न्हाई!” सगळे हसतात. मीही हसते.

नात आता बोलायला लागली आहे. मागे गेले तेव्हा फोटोवर बोट ठेवून तिने विचारलं, “आजी, ही पिलं मोठी झाली का गं?”

“झाली की. उडून गेली.”

कुठं, म्हणाली. मी खिडकीबाहेरच्या लिंबाकडे हात केला.

तेव्हापासून ती रोज त्या लिंबाखाली ज्वारीचे दाणे टाकते. काल फोनवर म्हणाली, “आजी, आजबी नाही आली.”

उद्या येतील, मी म्हणाले.