रेवणप्पांचं सरकलेलं नाणं

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रेवणप्पांची आडत. मूठभर तूर तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं चोळायची, फुंकर मारायची आणि भाव सांगायचा, आयुष्य यातच गेलं. पण स्वतःला ते नाणेसंग्राहक म्हणवून घेत. ऐकणारं कुणी नसे, ही गोष्ट वेगळी.

खूळ एकच: टांकसाळीत चुकलेली नाणी, तीही कोरी करकरीत. बँकेतून आलेल्या नव्या नाण्यांच्या पिशवीत त्यांना एकदा पाच रुपयांचं नाणं सापडलं. छाप इतकी सरकलेली, की सिंह निम्मे गायब.

"अप्पा, खराब मालाचा आपण भाव पाडतो, अन् तुमी डोक्यावर घेऊन नाचून राहिले!" मोंढा हसला. रेवणप्पाही हसले. स्वतःच्या अकलेबद्दल त्यांचं मत मोंढ्याहून फार वेगळं नव्हतं.

पण त्या नाण्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही. चिमट्यानं उचललं आणि पारदर्शक पाकिटात घातलं. बायकोनं, शरणम्मानं, दिवाळीच्या पूजेला मागितलं, तर म्हणाले, "तुझ्या हाताला हळद असती." तिनं पुढं केलेला हात मागं घेतला.

पुढं नांदेडला नाण्यांचं प्रदर्शन भरलं. सगळ्यांत चांगलं नाणं मधल्या काचेच्या पेटीत लागणार, खाली मालकाच्या नावासकट. तिथं एकदा आपलं नाव लागावं, एवढीच रेवणप्पांची हौस. नवा सदरा घालून, शरणम्माला घेऊन ते गेले.

परीक्षक धम्मानंद सरांनी पाकीट भिंगाखाली धरलं. "वा! एक ओरखडा नाही. जरा बाहेर काढून दाखवा."

घाईत चिमटा सापडेना. रेवणप्पांनी पाकीट तळहातावर उलटं केलं. आणि एकदा तळहातावर काही पडलं, की पुढं रेवणप्पांचं काही चालत नाही. अंगठा फिरला, फुंकर बसली, थुंकीसकट. "चांगला वाळलेला हाय," त्यांनी निकालही देऊन टाकला.

सरांनी डोळे मिटून घेतले. नाण्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, आणि सकाळी कपाळाला लावताना बोटाला लागलेल्या विभूतीचे बारीक ओरखडेही. "अप्पा, आता काचेत नाही लावता येणार."

रेवणप्पांना रडू आलं, आणि रडताना स्वतःचं हसूही आलं. टांकसाळीच्या चुकीनं नाण्याला मोल आलं होतं, त्यांच्या चुकीनं ते गेलं.

बाहेर पायरीवर शरणम्मानं हात पुढं केला. "आता तरी बघू द्या की."

त्यांनी दिलं. तिनं आधी पदराला हात पुसला, मग दोन बोटांनी, फक्त कडेला धरून, नाणं उजेडात नेलं.

"असंच धरायचं न्हवं?"

"हाव," रेवणप्पा पुटपुटले. त्यांना मनापासून लाज वाटली.

"मला येत होतं की वो," शरणम्मा म्हणाली.