दोन पंगतींमधला गाडीवान

समस्त वऱ्हाडास अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की अमरावतीतल्या आम्हा मूठभर ख्रिस्ती मंडळींचा सुगीचा सण बुडता बुडता वाचला, आणि वाचवणारा ख्रिस्तीही नव्हता!

तिकडे अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस अडला होता आणि इकडे आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. ज्वारीची कणसं, भोपळे, कापसाची बोंडं देवापुढे मांडून आम्ही घसा फाटेस्तोवर उपकारस्तुती गायली. मग जेवायला बसलो, आणि कालपर्यंत वेगवेगळ्या जातींचे असलेले आम्ही आपसूक अंगणाच्या दोन टोकांना दोन पंगती करून बसलो. सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं, ही म्हाताऱ्या उपदेशकांची वर्षभराची आस. त्यांचा चेहरा उतरला.

बाहेर कडुनिंबाखाली एका गाडीवानाने कापसाच्या गाडीचे बैल सोडले होते. त्यालाही आम्ही जेवायला बोलावलं होतं. मिशांत कापूस अडकलेला, आणि बैल थोपटावेत तसे स्वतःचे गुडघे थोपटायची सवय. तो बरोबर मधल्या रिकाम्या जागेत बसला. वाढणारी काकू जड पातेलं घेऊन या टोकाहून त्या टोकाला धावत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, गुडघ्यावर थाप मारली आणि ओरडला.

आधी उपदेशक हसले, मग सगळेच. पत्रावळी सरकवत आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन भिडलो. नाव विचारायचं राहूनच गेलं. ओरडला होता तो एवढंच:

"देव एकच हाय म्हन्ता, मंग पंगती दोन कायले? त्या काकूले कावून पळवून राह्यले?"